जुन्या जिप्सीचे मागचे पाटे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी जिप्सी घरी आली की महिन्या-दोन महिन्यांत पहिला प्रश्न येतो तो मागच्या पाट्यांचा, म्हणजे गाडीचा भार तोलणाऱ्या लोखंडी स्प्रिंग-पट्ट्यांचा. गाडी आदळते, मागे बसलेली माणसं उडतात, घरचे दुसऱ्यांदा बसायला तयार होत नाहीत. मग कोणी सांगतं दोन पाटे काढून टाक, कोणी सांगतं लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) घाल, कोणी पाटे हाउसिंगच्या (दोन चाकांमधल्या एक्सलच्या जाड नळीच्या) वर घ्यायला सांगतं. माझ्याकडे १९९८ची सॉफ्ट टॉप जिप्सी किंग आहे आणि यातलं जवळजवळ सगळं मी तिच्यावर करून पाहिलं आहे. बरंचसं नंतर परत मूळपदावर आणावं लागलं, कारण गाडीच्या मागच्या चाकांवर नेमकं किती वजन असतं हे मी कधी मोजलंच नव्हतं. म्हणून इथे वजनाबद्दल सुरुवातीलाच आणि जास्त लिहिलं आहे.

जिप्सी मागून एवढी का आदळते?

कारण ती रिकामी चालवण्यासाठी बनलेली नाही. मारुतीनं जिप्सी डिसेंबर १९८५मध्ये आणली, १९९६मध्ये १३०० सीसीची जिप्सी किंग आली आणि २०१९ साली सामान्य ग्राहकांसाठी विक्री थांबली. या सगळ्या काळात मागे-पुढे सरळ हाउसिंग आणि चारही कोपऱ्यांत पाटे ही मांडणी बदलली नाही. लष्करात ही गाडी ५०० किलो वर्गातली म्हणून ओळखली गेली. म्हणजे स्वतःच्या साधारण एक टन वजनावर आणखी अर्धा टन भार घेऊन ती खडकातून जायला हवी, असा तिचा हिशेब. तो अर्धा टन मुख्यतः मागच्या पाट्यांवर येतो. आपण दोघं जण आणि एक पिशवी घेऊन निघतो तेव्हा ते पाटे जेमतेम दबलेले असतात. खड्डा आला की पाटा वाकत नाही, सगळी गाडीच उचलली जाते.

हे अर्धं कारण झालं. उरलेलं अर्धं बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाटे एकमेकांवर घासत वाकतात. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत त्यांच्यामध्ये गंज आणि चिखलाचा थर बसलेला असतो, शॅकलचे बुश (टोकांत बसणाऱ्या रबरी नळ्या) चिकटलेले असतात, आणि सगळा गठ्ठा एका अखंड लोखंडी पट्टीसारखा वागतो. लहान खड्ड्यात तो हलतच नाही. जी गाडी ‘फार कडक आहे’ म्हणून मला दाखवायला आणतात, तिचे पाटे पुष्कळदा कडक नसतात, जाम झालेले असतात.

मग सर्वात आधी काय करायचं?

गाडी वजनकाट्यावर न्या. उसाच्या किंवा वाळूच्या ट्रकचा काटा होतो तोच. टाकी भरलेली ठेवा, कारण ४० लिटर पेट्रोलचे सुमारे ३० किलो होतात आणि टाकी मागे आहे. तुम्ही नेहमी जेवढं सामान आणि जेवढी माणसं नेता तेवढी गाडीत असू द्या. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग पुढची चाकं काट्याच्या बाहेर काढून फक्त मागच्या चाकांचं घ्या. काट्याची आणि बाहेरच्या जमिनीची पातळी एक हवी, नाहीतर आकडा चुकतो. नंतर सामान आणि माणसं उतरवून हेच पुन्हा करा. काट्यावरच्या माणसाला हे थोडं विचित्र वाटेल, पण दोन पावत्यांचे पैसे दिले की तो काही म्हणत नाही.

मागच्या चाकांवरच्या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे तुमच्या पाट्यांचं खरं काम. हा फरक माणसागणिक वेगळा निघतो आणि सगळे निर्णय त्यावरच व्हायला हवेत. ताडोब्याच्या सफारीतली जिप्सी बघा: सहा पर्यटक, एक गाइड, एक चालक. माणशी ६५ किलो धरले तरी ५२० किलो. त्या गाडीला मूळ पाटे अगदी योग्य आहेत आणि त्यातला एकही कमी करू नये. त्याच मॉडेलची गाडी पुण्यात राहणारं, रविवारी राजगडाच्या पायथ्याला जाणारं जोडपं चालवतं, तेव्हा मागच्या भारातला फरक शंभर किलोही नसतो. दोघांना एकच सल्ला कसा चालेल?

काट्यावर असतानाच टेप घेऊन चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची, भरलेली आणि रिकामी, लिहून ठेवा. पुढे प्रत्येक बदलानंतर हीच मापं पुन्हा घ्यायची आहेत. चालकाच्या बाजूचं माप थोडं कमी येणं स्वाभाविक आहे. दोन सेंटिमीटरांहून जास्त फरक असेल तर त्या बाजूचा पाटा बसला आहे किंवा तुटला आहे.

पाटे नुसते उघडून साफ केले तर फरक पडतो?

पडतो, आणि खर्चाच्या मानानं सगळ्यात जास्त पडतो. माझ्या मते जुन्या जिप्सीला पहिला आणि पुष्कळदा शेवटचा इलाज हाच असावा.

गाडीचं वजन चेसिसखाली घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, कधीही नुसत्या जॅकवर नको. हाउसिंगला वेगळा जॅक लावा, पाटे हाउसिंगला आवळून धरणारे यू-बोल्ट सोडा, पाट्यांचा गठ्ठा बाहेर काढा. आता सेंटर बोल्ट, म्हणजे सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा. कमान दाबलेली असते, बोल्ट निघाला की पाटे झटक्यात उघडतात आणि बोटं जातात. आधी गठ्ठा बाकाच्या वाइसमध्ये किंवा दोन मजबूत सी-क्लॅम्पमध्ये धरा, मग बोल्ट सोडा, मग क्लॅम्प हळूहळू सैल करा. सोडण्याआधी एका बाजूनं सगळ्या पाट्यांवर रंगाची तिरकी रेघ ओढून ठेवा. परत लावताना क्रम आणि दिशा चुकत नाही.

प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशनं पांढरा होईपर्यंत घासा आणि उन्हात नेऊन बघा. भेगा दोन ठिकाणी असतात: मधल्या भोकाच्या आजूबाजूला आणि मेन (सगळ्यात वरच्या, लांब) पाट्याच्या टोकाच्या गोलाजवळ, जिथे बुश बसतो. खालच्या पाट्याच्या टोकानं वरच्या पाट्यात खाच पाडली असेल तर नीट बघा, कारण तुटणं तिथूनच सुरू होतं. उथळ खाच ग्राइंडरच्या मऊ चकतीनं गुळगुळीत करता येते, खोल असेल तर पाटा बदला. खालच्या पाट्यांच्या टोकांच्या धारदार कडा गोल करून घ्या.

गठ्ठा बांधताना नवा सेंटर बोल्ट वापरा आणि बाजूच्या क्लिपा सगळ्या परत लावा. क्लिपा शोभेसाठी नसतात. चाक खाली लोंबतं तेव्हा एकटा मेन पाटा उलटा वाकू नये, खालच्या पाट्यांनी त्याला धरून ठेवावं, यासाठी त्या आहेत. पाटा तुटलेल्या ज्या गाड्या मी पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या क्लिपा आधीच गळून गेलेल्या होत्या.

मध्ये ग्रीस लावावं की नको?

गाडी डांबरी रस्त्यावरच जास्त असेल तर ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात द्या. चिखलात, वाळूत किंवा कोकणातल्या जांभ्याच्या लाल धुळीत फिरत असाल तर देऊ नका. ओलं ग्रीस धूळ धरून ठेवतं आणि तीच धूळ पाटे घासून काढते. अशा गाडीला पाटे कोरडे रंगवून टोकांखाली नायलॉनच्या चकत्या टाकणं चांगलं. बाहेरून जळकं ऑइल मारण्याची जुनी पद्धत गंज थोडा लांबवते, पण ते ऑइल बुशच्या रबरावर आणि ब्रेकच्या ड्रमच्या दिशेनं उडू देऊ नका.

पाटे कमी केले तर गाडी मऊ होईल ना?

होईल. किती, हे ढोबळमानानं कळू शकतं. सगळे पाटे सारख्या जाडीचे असतील तर पाचातला एक काढल्यावर कडकपणा साधारण पाचव्या हिश्शानं कमी होतो. पण ताकदही तेवढीच कमी होते, कारण तोच भार आता चार पाट्यांवर येतो. गाडी थोडी खालीही बसते.

काढायचाच असेल तर मेन पाटा आणि त्याच्या लगेच खालचा दुसरा पाटा याला हात लावू नका. दुसऱ्या पाट्याचं टोक पुष्कळदा मेन पाट्याच्या गोलाभोवती वळलेलं असतं आणि मेन पाटा तुटला तर हाउसिंग जागेवर धरणारा तो शेवटचा आधार असतो. मधल्या लांबीच्या पाट्यांपैकी एक काढा, दोन्ही बाजूंचा सारखाच. सगळ्यात खाली जाड, जवळजवळ सपाट पाटा असेल तर तो जास्त भारासाठी आहे, रिकाम्या गाडीत तो नीट टेकतही नाही. तो काढून गाडी मऊ झाल्यासारखं वाटतं, पण खरा परिणाम सामान भरल्यावर दिसतो.

एक बारीक गोष्ट जिथे हमखास चूक होते. पाटा काढला की गठ्ठा ६-७ मिलिमीटर पातळ होतो. मूळ यू-बोल्टची आट्यांची लांबी तेवढीच राहते. नट आट्यांच्या शेवटाला जाऊन अडतो, पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो, आणि गठ्ठा मात्र सैलच असतो. काढलेल्या पाट्याच्या जाडीची सपाट पट्टी मध्ये टाका किंवा त्या मापाचे नवे यू-बोल्ट घ्या.

मी स्वतः एका गॅरेजच्या सांगण्यावरून दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाटे काढले होते. तीन महिने गाडी फार छान वाटली. मग भोरहून वरंधा घाट उतरताना, मागे चार माणसं आणि तंबूचं सामान असताना, डाव्या बाजूचा मेन पाटा पुढच्या गोलापाशी तुटला. गाडी एका बाजूला ओढायला लागली आणि वळणावर चाक मडगार्डला घासलं. त्या दिवशी कोणाला काही झालं नाही. त्यानंतर मी पहिल्यांदा काट्यावर गेलो आणि कळलं की मागच्या चाकांवर मी धरून चाललो होतो त्याच्या जवळजवळ दुप्पट भार होता.

पाटे बसले आहेत. पाटेवाल्याकडून कमान मारून घेतली तर चालेल?

थंड असताना ठोकून किंवा प्रेसवर मारलेली कमान चालते, पण टिकते किती, हे पाट्याच्या वयावर आहे. हळूहळू तो परत बसतो, कारण पोलाद थकलेलं असतं. तात्पुरता उपाय म्हणून ठीक.

गॅसनं लाल करून मारलेली कमान कधीही घेऊ नका. पाट्याचं पोलाद तापवून, तेलात विझवून, पुन्हा ठराविक तापमानाला आणून तयार केलेलं असतं, त्यालाच आपण पाणी देणं म्हणतो. उघड्यावर ज्योतीनं लाल केलं की ते पाणी गेलं. कडेला मऊ आणि मधे ठिसूळ असा पाटा होतो आणि तो सांगून तुटत नाही. हेच वेल्डिंगला लागू आहे: पाट्यावर, अगदी टोकाला क्लिप जोडायलासुद्धा, वेल्ड मारू नये. पाटा खूपच बसला असेल तर नवा गठ्ठा घ्या.

मागे नेहमी सामान असतं. एक पाटा वाढवला तर?

काट्यावरचा फरक मोठा असेल तरच. आणि जाडी बघून घ्या, कारण जाडीचा परिणाम फार झपाट्यानं वाढतो. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो: ६ मिलिमीटरचा पाटा ७चा केला तर तो एकटा जवळजवळ ५९ टक्के जास्त कडक होतो. पाटेवाल्याकडे जो तुकडा पडलेला असेल तो ‘थोडासाच जाड आहे’ म्हणून बसवला जातो आणि गाडी पहिल्यापेक्षा वाईट आदळते. लांबीचं उलट आहे. पाटा दहा टक्के लांब केला तर चौथ्या हिश्शानं मऊ होतो. म्हणून वाढवायचाच तर शक्य तितका लांब आणि पातळ पाटा वाढवा. आखूड, जाड पाटा मधेच सगळा भार घेतो आणि त्याच्या टोकाशी वरचा पाटा मोडतो.

लांब शॅकल घालून उंची वाढते का?

वाढते, पण शॅकल जेवढी लांब केली त्याच्या निम्मी. दोन इंच लांब शॅकल म्हणजे साधारण एक इंच उंची, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. आणि ते एकच टोक खाली गेल्यामुळे हाउसिंग फिरतं. मागच्या पाट्याची शॅकल मागच्या टोकाला असल्यामुळे पिनियनचं, म्हणजे हाउसिंगमध्ये शाफ्टकडून जोर घेणाऱ्या गिअरचं, तोंड वर होतं. ९० सेंटिमीटर लांबीच्या पाट्याचं टोक ५ सेंटिमीटर खाली गेलं तर कोन साधारण ३ अंशांनी बदलतो. ऐकायला कमी वाटतं, पण प्रॉपेलर शाफ्टच्या (इंजिनचा जोर हाउसिंगपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला, म्हणजे टोकाच्या सांध्याला, ते कळतं.

शॅकल खूप लांब असेल तर आडवा जोर आला की ती डोलते आणि वळणावर गाडीचं मागचं अंग सरकल्यासारखं वाटतं. दोन पट्ट्यांना मध्ये आडवी जोडणी असलेलीच शॅकल घ्या. मी अर्धा ते एक इंच उंचीपलीकडे शॅकलनं जात नाही.

पिनियनचा कोन कसा तपासायचा?

जिप्सीच्या मागच्या प्रॉपेलर शाफ्टला दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस आहे. अशा शाफ्टमध्ये ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीचं) बाहेर येणारं टोक आणि डिफरेन्शियलचं पिनियन एकमेकांना समांतर हवं. म्हणजे एका क्रॉसमध्ये आलेला हेलकावा दुसऱ्या क्रॉसमध्ये बरोबर उलटा होऊन जिरतो. समांतर नसेल तर गाडी साधारण चाळीस-साठच्या वेगात गुणगुणते, फरशीतून कंप येतो, आणि काही हजार किलोमीटरांत क्रॉस जातो.

गाडी सपाट जागी, चाकांवर उभी ठेवा. दोन्ही टोकांच्या फ्लँजच्या सपाट तोंडावर कोन मोजायचं चुंबकी माप टेकवा. मोबाइलमधलं मापही चालतं, फक्त मोबाइलची कड सरळ हवी. दोन्ही आकडे एक अंशाच्या आत सारखे आले तर पुरे. नाही आले तर पाटा आणि त्याची हाउसिंगवरची बैठक यांच्यामध्ये उतरती पाचर बसवायची. ती पोलादाची किंवा बिडाची घ्या, ॲल्युमिनियमची चेपते आणि यू-बोल्ट सैल पडतात. पाचरीला सेंटर बोल्टचं डोकं बसेल असं भोक हवं. जाड बाजू पुढे की मागे, हे आधी कागदावर चित्र काढून ठरवा. उलटी पाचर बसवून चूक दुप्पट झालेल्या दोन गाड्या मी पाहिल्या आहेत.

पाटे हाउसिंगच्या खालून वर घेतले तर? खूप जण करतात.

मूळ जिप्सीत पाटे हाउसिंगच्या खालून जातात. ते वर घेतले की हाउसिंगच्या नळीची जाडी आणि गठ्ठ्याची जाडी मिळून सुमारे पाच इंच उंची मिळते. मोठे टायर बसतात, आणि यू-बोल्टची खालची प्लेट दगडाला अडकत नाही. पाटा आपला मूळचाच राहतो, त्यामुळे मऊपणाही टिकतो. यात आकर्षण आहे हे मला कळतं.

पण किंमत बघा. किंग जेमतेम १.५४ मीटर रुंद आहे. तिला पाच इंच वर उचललं की गुरुत्वमध्य वर जातो आणि आडव्या उतारावर, जिथे सह्याद्रीतल्या वाटा पुष्कळदा एका अंगाला कललेल्या असतात, गाडी लवकर उलटते. हाउसिंगवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात. शाफ्टचा कोन तीव्र होतो, शाफ्टला स्पेसर किंवा नवी लांबी लागते. ब्रेकची रबरी नळी ताणली जाते, ती लांब घ्यावी लागते. पुढे हेच केलं तर स्टिअरिंगचे रॉड वेगळे करावे लागतात, आणि ते अर्धवट केलेली गाडी रस्त्यावर आणणं मला गुन्ह्यासारखं वाटतं.

आणखी एक गोष्ट, जी पहिल्या चढावर कळते. इंजिनचा जोर आला की हाउसिंग स्वतःभोवती फिरू पाहतं. आता पाटा वर आणि हाउसिंग त्याच्या खाली लोंबलेलं, त्यामुळे मऊ पाटा इंग्रजी एससारखा पिळवटतो, पिनियन वर उचललं जातं, मग पाटा सुटून परत आपटतो. चाक थडथडतं आणि क्रॉस तुटतो. यासाठी हाउसिंगपासून चेसिसपर्यंत जोर घेणारा एक दांडा लावावा लागतो, ज्याचं चेसिसकडचं टोक शॅकलवर मोकळं असतं.

करायचं नक्कीच ठरलं असेल तर बैठका आधी फक्त टाके मारून जोडा. गाडी पूर्ण वजनानिशी चाकांवर उतरवा, पिनियनचा कोन बघा, बैठका फिरवून जुळवा, आणि मगच पूर्ण वेल्ड करा. वेल्ड थोडा-थोडा, बाजू बदलत मारा, नाहीतर हाउसिंगची नळी तापून वाकते आणि आतले एक्सल सील गळायला लागतात. सेंटर बोल्टही उलटा करावा लागेल: त्याचं डोकं नेहमी बैठकीच्या बाजूला हवं, म्हणजे आता खाली. मेन पाटा मात्र वरच राहतो.

पॅराबोलिक पाटे काय असतात?

मधे जाड आणि टोकांकडे निमुळते होत जाणारे दोन किंवा तीनच पाटे. ते एकमेकांना फक्त मधे आणि टोकांना टेकतात, बाकी मोकळी फट असते. घर्षण जवळजवळ नाही, त्यामुळे लहान खड्डेही पाटा गिळतो. हलक्या भाराच्या गाडीला याहून चांगला पाटा नाही असं मला वाटतं. पण घर्षण नसल्यामुळे झोके थांबवायचं सगळं काम शॉकअपवर येतं, म्हणून जुन्या थकलेल्या शॉकअपबरोबर ते बसवू नका. आणि तुमच्या काट्यावरच्या पावतीतला भार बनवणाऱ्याला सांगा. ‘जिप्सीचा सेट’ एवढ्यावर मागवलेला माल नेमका कोणाच्या वजनासाठी बनला होता, हे नंतर कळतं.

शॉकअप किती लांबीचे घ्यावेत?

कॅटलॉग बघून नाही, गाडी मोजून. जुने शॉकअप काढा. एका बाजूचं चाक पूर्ण लोंबू द्या आणि वरच्या-खालच्या बोल्टमधलं अंतर मोजा, ही जास्तीत जास्त लांबी. मग उलट टोक: पाट्याचा गठ्ठा उघडून फक्त मेन पाटा लावून ठेवा, म्हणजे जॅकनं हाउसिंग बंपस्टॉपला (चेसिसखालच्या रबरी अडणीला) टेकेपर्यंत सहज वर नेता येतं. तिथे पुन्हा मोजा. शॉकअप पूर्ण दाबला जाण्याआधी बंपस्टॉप लागला पाहिजे, आणि पूर्ण उघडण्याआधी पाट्यानं हाउसिंग धरलं पाहिजे. दोन्हीकडे दोन-अडीच सेंटिमीटर मोकळे ठेवा. याच वेळी ब्रेकची नळी आणि हँडब्रेकची तारही ताणून बघा.

पाटे बदलल्यावर गाडी वर-खाली डोलत राहिली तर दोष पाट्याला देऊ नका. आधी शॉकअप बघा.

यू-बोल्ट परत वापरू का?

नको. घट्ट केल्यावर यू-बोल्ट ताणला जातो, तो ताणच गठ्ठा धरून ठेवतो. एकदा सोडला की दुसऱ्यांदा तसा ताण येत नाही. नवे घ्या, चारही नट थोडे-थोडे तिरप्या क्रमानं आवळा, टॉर्क पान्यानं, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, पाचशेनंतर परत. सैल यू-बोल्टमुळे सेंटर बोल्ट कापला जातो आणि हाउसिंग एका बाजूनं मागे सरकतं.

शॅकलचे आणि पुढच्या टोकाचे बोल्ट मात्र गाडी हवेत असताना आवळू नका. चाकं जमिनीवर आल्यावर, गाडी नेहमीच्या उंचीला बसल्यावर आवळा. नाहीतर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि वर्षाच्या आत फाटतो.

रबराचे बुश की पॉलियुरेथेनचे?

खडकाळ वाटांसाठी रबर. ते पिळू देतं, चाक जास्त लोंबतं, आवाज करत नाही. पॉलियुरेथेन डांबरावर घट्ट वाटतं, पण ग्रीस संपलं की करकरतं.

पाटे काढून कॉइल स्प्रिंग बसवता येतील?

येतात, पण तो पाटे बदलण्याचा प्रश्न राहत नाही. पाटा फक्त स्प्रिंग नाही, हाउसिंगला पुढे-मागे आणि आडवं धरून ठेवणारा सांगाडाही तोच आहे. तो काढला की ते सगळं काम करणारे दांडे आणि त्यांच्या जागा चेसिसवर नव्यानं बनवाव्या लागतात. २०२३मध्ये भारतात आलेली जिमनी सरळ हाउसिंग ठेवूनही चारही बाजूंना कॉइलवर आहे, ती चालवून बघा. तेवढाच आराम हवा असेल तर तीच गाडी घेणं सुरक्षित.

आरटीओचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीत लिहिलेल्या, कंपनीनं ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-एमध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मूळ मापाचे पाटे, बुश, शॉकअप बदलणं ही दुरुस्ती आहे. हाउसिंगवर वेल्डिंग करून पाच इंच उंच केलेली गाडी ही दुरुस्ती म्हणून दाखवता येणार नाही. जिप्सी पंधरा वर्षांवरची असल्यामुळे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि त्यासाठी तपासणी ठरलेली आहे, तेव्हा हे समोर येतंच. विमा कंपनीलाही अपघातानंतर कळण्यापेक्षा आधी कळवलेलं बरं.

हे सगळं महिंद्राच्या जुन्या जीपला आणि थारला लागू आहे का?

वजन, जाडी, कोन, यू-बोल्ट याबद्दलचं सगळं लागू. २०१०च्या थारच्या सीआरडीई मॉडेलला मागे पाटे आहेत पण पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आहे, त्यामुळे मागची उंची वाढवताना पुढचीही वेगळ्या पद्धतीनं जुळवावी लागते. कोणत्याही गाडीत आधी खाली वाकून पाटा हाउसिंगच्या वर आहे की खाली ते बघा, मग सल्ले ऐका.

वाटेत मेन पाटा तुटला तर गाडी कशी काढायची?

गाडी सपाट जागी घ्या, चाकांना दगड लावा. पुढच्या अर्ध्यात तुटला असेल तर ते जास्त धोक्याचं, कारण त्या बाजूनं हाउसिंग मागे सरकतं. रॅचेट पट्टा किंवा साखळी हाउसिंगला, ब्रेकचा पाइप सोडून, गुंडाळा आणि पाट्याच्या पुढच्या हँगरला बांधून हाउसिंग पुढे ओढून ताणून ठेवा. मग चेसिस जॅकनं उचलून हाउसिंग आणि चेसिसच्या मधे लाकडाचा ठोकळा बसवा, तोही बांधून टाका. मागच्या अर्ध्यात तुटला असेल तर ठोकळा आणि तुटलेल्या टोकाला घट्ट बांधलेला पट्टा पुरतो. सामान आणि माणसं दुसऱ्या गाडीत द्या. फोर-व्हील लिव्हर पुढच्या चाकांना जोर देईल असा ठेवता आला, म्हणजे रस्ता मातीचा असेल, तर तसा ठेवा, मागच्या हाउसिंगवरचा ओढा कमी होतो. वीसच्या वर जाऊ नका आणि दर दोन-तीन किलोमीटरला उतरून पट्टा, ठोकळा आणि ब्रेकचा पाइप हातानं चाचपा. माझ्या गाडीत मागच्या सीटखाली दोन रॅचेट पट्टे, बाभळीचा सहा इंची ठोकळा, एक जादा सेंटर बोल्ट आणि दोन यू-बोल्ट नेहमी असतात. सगळं मिळून सात किलो भरतं, आणि काट्यावर जाताना मी ते उतरवत नाही.